लापो

लापो : इटलीतील, मुख्यतः तस्कनी प्रांतातील, एक पुरुषनाम. ‘याकोपो’ या नावाचे हे मध्ययुगीन लघुरूप होय. मराठी बायबलातील ‘याकोब’ आणि हे नाव मुळात एकच. उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर येतो, ‘ला’ दीर्घ राहतो आणि ‘प’ एकेरी असतो; ‘लाप्पो’ हा उच्चार चुकीचा. फ्लॉरेन्सच्या बोलीत दोन स्वरांमधला ‘प’ घर्षक होत असल्याने तेथे हे नाव ‘लाफो’च्या जवळपास ऐकू येते.

व्युत्पत्ती : मूळ हिब्रू नावाचा अर्थ बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातच दोन प्रकारे लावलेला आहे. जन्मताना याकोबाने जुळ्या भावाची टाच धरली होती, म्हणून ‘टाच’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला आहे (25:26). पुढे भाऊ तक्रार करतो तेव्हा तेच नाव ‘दुसऱ्याची जागा बळकावणारा’ या अर्थाने येते (27:36). नावांच्या पुस्तकांत बहुधा हा दुसरा अर्थ छापतात. सेमिटिक भाषांचे अभ्यासक मात्र या दोन्ही अर्थांना लोकव्युत्पत्ती (ध्वनिसाम्यावरून मागाहून जोडलेला अर्थ) मानतात. त्यांच्या मते मूळ नाव ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाचे असून त्यातील देववाचक ‘एल’ हा भाग पुढे गळला असावा. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील पश्चिम सेमिटिक नावांत या घडणीची उदाहरणे आढळत असल्याने हे मत अधिक सबळ वाटते. ते ग्राह्य धरल्यास लापो हे एकदा आखडलेल्या नावाचे पुन्हा आखडलेले रूप ठरते.

ग्रीकमार्गे लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ झाले. इटालियनमध्ये त्याच्या तीन शाखा झाल्या : जुन्या करारातील कुलपुरुषासाठी ‘जाकोब्बे’, येशूच्या शिष्यांसाठी आणि सर्वसामान्य वापरात ‘जाकोमो’, आणि तस्कनीत ‘याकोपो’. ‘याकोपो’चा आघात पहिल्या अक्षरावर असल्याने मधले ‘को’ गळून ‘यापो’ होणे सहज समजते. प्रश्न आहे तो आरंभीच्या ‘ल’चा. लॅटिनमधील आरंभीचा ‘य’ इटालियनमध्ये नियमाने ‘ज’ होतो (‘याम’चे ‘जा’, ‘योकुस’चे ‘जोको’). ‘ल’ होत नाही. त्यामुळे हा नियमित ध्वनिबदल मानता येत नाही. घरात लहान मुलांच्या तोंडी नावे बदलतात, तसा हा बदल असावा, हे स्पष्टीकरण त्यातल्या त्यात पटणारे आहे. मराठीत विठ्ठलाचा विठू होताना नावाचा आरंभ टिकतो. मध्ययुगीन फ्लॉरेन्समध्ये मात्र आरंभ बदलण्याला किंवा गाळण्याला अडचण नव्हती : फिलिप्पोचे लिप्पो, जोव्हान्नीचे व्हान्नी, तोम्माझोचे माझो, बेन्व्हेनुतोचे नुतो. एका याकोपोपासूनच लापोखेरीज ‘कोप्पो’ हेही रूप निघाले. लॅटिन लेखनात या व्यक्तींची नोंद ‘लापुस’ अशी सापडते. म्हणजे लघुरूपाला तोवर स्वतंत्र नावाची प्रतिष्ठा मिळाली होती.

प्रसार : तेराव्या-चौदाव्या शतकांत हे नाव फ्लॉरेन्समध्ये किती सर्रास होते, याचा उत्तम पुरावा फ्लॉरेन्सचा कवी दान्ते याने दिला आहे. त्याच्या महाकाव्यातील ‘पारादीसो’ (स्वर्ग) या भागाच्या 29व्या सर्गात (ओळी 103–105) त्याची स्वर्गातील मार्गदर्शिका बेआत्रीचे म्हणते की, दरवर्षी चर्चमधील व्यासपीठांवरून जितक्या भाकडकथा सांगितल्या जातात तितके लापो आणि बिंदो नावाचे लोकसुद्धा फ्लॉरेन्समध्ये नाहीत. त्याच काव्याच्या 15व्या सर्गात लापो साल्तेरेल्लो या वकील-राजकारण्यावर टीका आहे. पिस्तोया येथे बाराव्या शतकाच्या मध्यास संत याकोपोचे अवशेष आले, आणि तेथील कॅथीड्रलमधील त्याच्या रौप्यवेदीचे काम 1287 मध्ये सुरू झाले. या उपासनेमुळे तस्कनीत याकोपो आणि त्याची लघुरूपे वाढली असणे शक्य आहे.

नाव इतके सामान्य असल्याने व्यक्तिनिश्चितीत घोटाळे झाले. सोळाव्या शतकातील कलाचरित्रकार वाझारीने शिल्पकार आर्नोल्फोच्या वडिलांचे नाव लापो दिले. प्रत्यक्षात ते काम्बिओ होते, आणि लापो हा शिल्पकार निकोला पिसानोच्या हाताखाली सिएना कॅथीड्रलच्या व्यासपीठावर (करार 1265) आर्नोल्फोबरोबर काम करणारा सहकारी होता. दान्तेच्या ‘ग्वीदो, मला वाटते तू, लापो आणि मी’ या सुनीतातील लापो म्हणजे कवी व नोटरी लापो जान्नी, असे परंपरेने मानतात. दान्तेचे अभ्यासक गुल्येल्मो गोर्नी यांनी तेथे ‘लिप्पो’ हा पाठ सुचवला. हस्तलिखितांत ही दोन नावे सहज एकमेकांच्या जागी येऊ शकत असल्याने हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा लागतो. मात्र नावाच्या इतिहासावर त्याचा परिणाम होत नाही. ‘पारादीसो’चा पुरावा त्यावर अवलंबून नाही.

पंधराव्या शतकापासून तस्कनीत संतांची पूर्ण नावे ठेवण्याकडे कल वाढला, कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेनंतर (1545–1563) तो आणखी दृढ झाला, आणि अशी लघुरूपे मागे पडली. लापी, लापीनी, लापुच्ची या आडनावांत मात्र ते टिकून आहे. स्त्रीलिंगी ‘लापा’ – सिएनाच्या संत कातेरीनाच्या आईचे नाव – आज जवळजवळ लुप्त झाले आहे.

आजचा वापर : इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या सर्वाधिक पसंतीच्या तीस नावांत लापो येत नाही, ते अजूनही फ्लॉरेन्स आणि आसपासच्या कुटुंबांचे नाव आहे. उद्योजक लापो एल्कान (जन्म 1977) यांच्यामुळे ते देशभर ओळखीचे झाले. स्वतंत्र संत नसल्याने नामदिन (त्या नावाच्या संताचा स्मरणदिन) याकोपोचाच, म्हणजे 25 जुलैला पाळतात.

इटलीत जन्मनोंदणीसाठी मूळ रूप ‘याकोपो’ लिहिण्याची गरज नसते. जन्माची नोंद रुग्णालयात तीन दिवसांत किंवा नगरपालिकेत दहा दिवसांत करावी लागते. 2000 सालच्या नियमानुसार तीनपर्यंत नामघटक देता येतात, आणि हयात वडिलांचे किंवा भावंडाचे नेमके तेच नाव ठेवता येत नाही. मात्र वडील याकोपो आणि मुलगा लापो चालतो, कारण कागदोपत्री ती दोन वेगळी नावे आहेत. दुसरे नाव जोडताना स्वल्पविरामाकडे लक्ष द्यावे : ‘लापो, याकोपो’ असे लिहिल्यास दाखल्यांवर फक्त लापो येते, स्वल्पविराम नसेल तर दोन्ही नावे सगळीकडे लिहावी लागतात. कर-संकेतांकात नावाची तीन अक्षरे घेताना आधी व्यंजने आणि ती कमी पडल्यास स्वर घेतात. म्हणून एकट्या लापोची अक्षरे एल, पी, ए अशी होतात. स्वल्पविराम न देता जोडनाव ठेवल्यास दोन्ही नावांतील व्यंजने धरली जाऊन संकेतांक बदलतो.