आधी झोप, आधी भाकर: देवाच्या आश्रयाची जुनी वाट

‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य’ असे बायबलमधले 46वे स्तोत्र सुरू होते. आश्रयासाठी तिथे ‘मख्से’ हा इब्री (हिब्रू) शब्द आहे. त्याचा साधा अर्थ पाऊस-वादळातला आडोसा. त्याच स्तोत्रातला ‘मिस्गाब’ म्हणजे उंचावरचा गड. दोन्ही शब्द डोंगराळ मुलखात जीव वाचवत फिरणाऱ्यांचे. मनःशांतीचा अर्थ त्यांना पुढे चिकटला.

मोशेच्या नियमशास्त्रात आश्रय ही प्रत्यक्ष जागाच होती. हातून चुकून मनुष्यवध झालेल्याला पळून जाण्यासाठी 6 शरणपुरे नेमली होती, यार्देनेच्या दोन्ही तीरांवर तीन-तीन. तिकडची वाट तयार ठेवा, असे ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात बजावले आहे. वाट लांब पडली तर सूड घेणारा पळणाऱ्याला मध्येच गाठेल, हे कारणही तिथेच दिले आहे. दमलेल्या माणसाच्या आवाक्यात नसलेला आश्रय त्याच्या काय कामाचा, हा विचार इतका जुना आहे.

थकव्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन मात्र एलीया या संदेष्ट्याचे (1 राजे 19). कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळवून, ईजबेल राणीच्या धमकीने तो बैरशेब्यापर्यंत पळतो, पुढे रानात दिवसभर चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. त्यानंतरचा क्रम बघावा. झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. कारण वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे, असे देवदूतच म्हणतो. मग 40 दिवस, 40 रात्री होरेब या देवाच्या डोंगरापर्यंत चाल. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न तिथे पोहोचल्यावरच येतो, आणि शेवटी अलीशा हा जोडीदार मिळतो. शिकवताना बहुतेक जण थेट होरेबावर ऐकू आलेल्या देवाच्या मंद वाणीवर उडी मारतात आणि भाकर गाळतात. मग थकलेल्याला उपास आणि जागरण सुचवले जाते, आणि तो आणखी खचतो.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 40वा अध्याय बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातल्या लोकांना उद्देशून आहे, यरुशलेम इ.स.पू. 586च्या सुमारास पडले होते. परमेश्वराची वाट पाहणारे ‘नवी शक्ती मिळवतील’, तिथले क्रियापद ‘खालाफ’, म्हणजे बदलणे. योसेफ तुरुंगातून मिसरचा राजा फारो याच्यापुढे जाताना कपडे बदलतो, तिथेही हाच धातू आहे. म्हणजे जुनी शक्ती ताणून वाढवायची नाही, ती उतरवून दुसरी घ्यायची. आणि ओळीचा उतरता क्रम: उडणे, धावणे, चालणे. शेवटचे वचन न थकता चालण्याचे आहे.

पुढचा मोठा टप्पा चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात आला. इव्हाग्रियस (मृत्यू 399) या संन्याशाने ‘अकेदिया’, म्हणजे मन विटून कशातच न लागण्याच्या अवस्थेची नोंद केली: सकाळी 10 ते दुपारी 2, सूर्य हलत नाही, दिवस 50 तासांचा वाटतो, कोठडीबाहेर डोकावून जेवणाची वेळ किती दूर आहे ते सारखे पाहिले जाते. ग्रीक 91व्या स्तोत्रातल्या एका शब्दावरून त्याने याला ‘मध्यान्हीचा पिशाच’ म्हटले. अंतोनी या आद्य संन्याशाबद्दल वाळवंटात सांगत त्या आठवणीतला उपाय अगदी हातचा आहे: बसून दोरी वळायची, उठून प्रार्थना करायची, पुन्हा बसून दोरी वळायची. लांबलचक प्रार्थना थकलेल्याला झेपत नाही, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. त्यांच्याकडून शिकलेल्या कॅसियन या संन्याशाने 70व्या स्तोत्राची एकच पहिली ओळ, ‘देवा, मला सोडवायला धाव’ या आशयाची, उठता-बसता, काम करताना, झोप लागेपर्यंत म्हणायला सांगितली.

सहाव्या शतकात मठांचे नियम लिहिणाऱ्या बेनेडिक्टने याचे वेळापत्रक केले. 150 स्तोत्रे आठवड्यात पूर्ण करायची, पण हिवाळ्यात अर्ध्या रात्रीहून थोडी जास्त झोप घेऊन, अन्न पचल्यावर उठायचे. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर आडवे व्हायची मुभा. रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेला रोज तीच तीन स्तोत्रे: 4, 91 आणि 134. दुपारच्या पिशाचाचे नाव ज्यात सापडले, तेच स्तोत्र झोपण्यापूर्वी.

त्याच शतकाच्या अखेरीस घोळ झाला. पोप ग्रेगरी पहिला याने पापांच्या यादीत अकेदिया वेगळी न ठेवता खिन्नतेत मिसळली. नंतर ती यादीत परतली, पण हळूहळू तिचा अर्थ ‘आळस’ असा होत गेला. भागलेल्याला विसावा द्यायच्या जागी दटावणी मिळू लागली. विश्वास कमी म्हणून थकलास, हे आजही ऐकू येणारे वाक्य त्याच वळणाचे आहे. एलीयाला मात्र झुडपाखाली कोणी तसे म्हटले नव्हते.

दुसरी चूक 91व्या स्तोत्राचीच. ‘काही इजा होणार नाही’ अशी हमी म्हणून ते वापरले जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, येशूने मंदिरावरून उडी टाकावी म्हणून ते तसे वापरणारा सैतान आहे, आणि येशू ती मागणी नाकारतो. पुढे 11व्या अध्यायात तो कष्टी लोकांना विसावा देऊ करतो तेव्हाही जू काढून टाकत नाही, सोयीचे जू देतो.

1971च्या रोमन कॅथलिक प्रार्थनाविधीत बेनेडिक्टची ती तीन स्तोत्रे शनिवार-रविवारच्या रात्रींना आली: पहिल्या रात्री 4 आणि 134, दुसऱ्या रात्री 91. इतर दिवशीही त्यांपैकी एक रात्र निवडता येते. कारण व्यवहाराचे आहे: रोज तेच म्हटले की पाठ होते, आणि पुस्तक उघडायचेही त्राण नसले तरी अंधारात म्हणता येते.