रस्त्याकडेची वीज: स्वित्झर्लंडच्या भिंतीपासून समृद्धी महामार्गापर्यंत

1989 साली स्वित्झर्लंडमध्ये कूर शहराजवळ, ए-13 महामार्गाच्या कडेला वाहनांचा आवाज अडवणाऱ्या भिंतीवर सौर पॅनेल बसवण्यात आले. क्षमता अवघी 100 किलोवॉट, पण असा प्रकल्प जगात पहिलाच होता. डोंगराळ देशात मोकळी जमीन महाग, आणि भिंत तर तिथे हवीच होती. पॅनेलसाठी वेगळी जागा शोधावी लागली नाही.

पुढची अडचण दिशेची होती. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रस्त्यालगतच्या भिंतीची एक बाजू पूर्वेकडे असते, दुसरी पश्चिमेकडे. युरोपात भरदुपारी दक्षिणेकडून येणारं ऊन कोणत्याच बाजूला नीट मिळत नाही. त्यावर झुरिकजवळ 1997 मध्ये उभ्या भिंतीत दुतर्फी पॅनेल बसवून पाहिले. सकाळचं ऊन एका बाजूने, दुपारनंतरचं दुसऱ्या बाजूने. 2009 मध्ये जर्मनीत ए-3 महामार्गावर 2.7 किलोमीटर लांबीच्या बंदिस्त भागाचं अख्खं छत पॅनेलनी झाकलं गेलं. अमेरिकेत ओरेगन राज्याने 2008 मध्ये दोन महामार्ग मिळतात तिथल्या रिकाम्या जागेत 104 किलोवॉटचा प्रकल्प उभारला.

इथवरचा प्रवास शहाणपणाचा होता. मग मात्र सगळ्यांचं लक्ष रस्त्याच्या कडेवरून थेट रस्त्यावर गेलं. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या क्रोमेनी गावात 70 मीटरचा सौर सायकलमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका जोडप्याने सौर रस्त्यांसाठी लोकवर्गणीतून वीस लाख डॉलरांहून जास्त रक्कम जमवली. 22 डिसेंबर 2016 रोजी फ्रान्सने नॉर्मंडीतल्या तूरूव्र गावात एक किलोमीटरचा सौर रस्ता वाहतुकीला खुला केला. क्षेत्रफळ 2,800 चौरस मीटर, खर्च 50 लाख युरो.

त्याचं पुढे काय झालं हे नीट पाहण्यासारखं आहे. वर्षाला सुमारे दीड लाख युनिट मिळतील असा अंदाज होता. 2018 मध्ये त्याच्या जेमतेम निम्मी वीज मिळाली. झाडांची पानं पॅनेलवर पडून चुरडली जात. जड ट्रॅक्टरांखाली पॅनेल फुटले. टायरांचा आवाज इतका होई की वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटरवर आणावी लागली. चीनमध्ये जिनान इथला सौर रस्ता 2017च्या डिसेंबरअखेरीस सुरू झाला आणि काही दिवसांतच त्यातला एक तुकडा चोरीला गेला.

कारणं साधी आहेत. आडव्या पॅनेलला सूर्याकडे कलता येत नाही. वर चाकांचा भार पेलणारं जाड आवरण लागतं, ते काही प्रकाश खातं. धूळ, घासलेल्या टायरांचा थर आणि वाहनांच्या सावल्या वेगळ्याच. शिवाय खालून वारा खेळत नसल्याने पॅनेल तापतात, आणि तापलेला पॅनेल कमी वीज देतो.

भारतात सुरुवात रस्त्याऐवजी कालव्यावरून झाली. 2012 मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर एक मेगावॉटचे पॅनेल बसवले गेले. दिल्लीभोवतीचा ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवे 2018 मध्ये सौर दिव्यांसह खुला झाला.

महाराष्ट्रात हा प्रश्न जमिनीशी जास्त जोडलेला आहे. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासाठी हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. इंटरचेंजच्या, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या वळणांमध्ये जमिनीचे मोठमोठे तुकडे अडकून पडतात. तिथे ना पीक घेता येतं ना बांधकाम करता येतं. रस्ते विकास महामंडळाने महामार्गालगत 204 मेगावॉट सौरऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केलं आणि वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड व बुलढाण्यातलं मेहकर इथून सुरुवात केली. ही वीज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे शेतीपंपांसाठी महावितरणला दिली जाते. 2017 मध्ये आलेल्या या योजनेचा हेतूच शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा आहे, कारण रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीत विंचूकाट्यातून मोटर चालू करायला जाणं विदर्भ-मराठवाड्यात अजून सुटलेलं नाही.

म्हणून मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. जमीन एकदा गेलीच आहे. तिच्यावरची वीज त्याच शिवारातल्या विहिरींवर पोचली, तर निदान नव्या प्रकल्पासाठी नवं भूसंपादन टळेल. पुढच्या महामार्गांच्या आराखड्यातच पॅनेलची जागा, वीज उपकेंद्रापर्यंतची वाहिनी आणि पॅनेल धुण्यासाठी पाण्याची सोय धरली गेली पाहिजे. रस्ता झाल्यावर हे सगळं बसवायला गेलं की खर्च वाढतो.