चाळिशी लागलेली बुद्धी

चाळिशी लागली की पुस्तक हळूहळू हातभर लांब जातं. अक्षरं तिथेच असतात, दिसतातही, फक्त लागत नाहीत. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने माणसाच्या बुद्धीचं निदान याच अनुभवावरून केलं. अधू नजरेच्या म्हाताऱ्यापुढे देखणा ग्रंथ ठेवा. काहीतरी लिहिलंय एवढं त्याला कळेल, पण धड दोन शब्द वाचता येणार नाहीत. चष्मा चढवला की तोच माणूस वाचू लागतो. ग्रंथ म्हणजे सृष्टी आणि चष्मा म्हणजे बायबल.

हा दृष्टान्त त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ख्रिस्ती धर्मतत्त्वांवरच्या ग्रंथातला. १५३६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापून निघाला तेव्हा हा ग्रंथ सहा प्रकरणांचा होता, १५५९च्या आवृत्तीत त्याची ऐंशी झाली. सुरुवातीलाच कॅल्व्हिन म्हणतो की खरं शहाणपण जवळजवळ सगळं दोनच गोष्टींत आहे: देवाला ओळखणं आणि स्वतःला ओळखणं. देवाची जाणीव प्रत्येकाच्या मनात उपजतच असते, पण आदामाच्या, म्हणजे पहिल्या माणसाच्या, पतनानंतर (देवाची आज्ञा मोडल्यावर) मन बिघडलं, ते मूर्तींचा अखंड चालणारा कारखाना झालं. (पेणचा नव्हे, इथला माल डोक्यातच तयार होतो.) प्राचीन तत्त्वज्ञांना तो रात्री माळावरून निघालेल्या वाटसरूची उपमा देतो. वीज चमकते, क्षणभर लांबलांबचं दिसतं, आणि पाऊल उचलायच्या आत पुन्हा काळोख.

एवढ्यावरून त्याला बुद्धीचा वैरी ठरवणं सोपं आहे, पण चुकीचं. हा काळोख त्याच्या मते देव आणि मुक्ती यांच्याबाबतीत. कायदा, वैद्यक, गणित यांत मूर्तिपूजक ग्रीक-रोमनांचीही बुद्धी लख्ख चालते, आणि त्यांना गवसलेलं सत्य झिडकारणं म्हणजे पवित्र आत्म्याचाच अपमान, असं तो बजावतो.

१५५४ सालचं, बायबलच्या पहिल्या म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकावरचं त्याचं भाष्य तर आजही वाचावं. त्या पुस्तकाचा परंपरेने मानलेला लेखक मोशे सूर्य आणि चंद्र यांना 'दोन मोठ्या ज्योती' म्हणतो. पण शनी चंद्रापेक्षा मोठा आहे आणि केवळ अंतरामुळे लहान दिसतो, हे ज्योतिर्विदांनी दाखवून दिलंय, त्याचं काय? कॅल्व्हिन ज्योतिर्विदांना खोटं पाडत नाही. मोशे साध्या माणसांसाठी, डोळ्यांना दिसतं तसं लिहीत होता. ज्याला खगोलशास्त्र शिकायचंय त्याने दुसरीकडे जावं! (शनीचा व्यास चंद्राच्या तीस पटींहून जास्त आहे, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.) अर्थात हाच कॅल्व्हिन एका प्रवचनात, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्यांना वेड्यांत काढतो.

मला खटकतं ते वेगळंच. सगळ्यांची नजर अधू म्हणणाऱ्या या माणसाला आपल्या स्वतःच्या चष्म्यावर धूळ असेल अशी शंका फारशी आली नाही. स्पेनचा वैद्य मिखाएल सर्व्हेटस त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्त नाकारत होता. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला कॅल्व्हिनच्याच जिनिव्हात जिवंत जाळलं. देहदंडाला कॅल्व्हिनचा पाठिंबा होता, जाळण्याऐवजी शिरच्छेद करा एवढंच त्याचं म्हणणं होतं. ज्या पुस्तकापायी हे घडलं त्यातच, आत्म्याची चर्चा करता करता, सर्व्हेटसने लिहून ठेवलं होतं की रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात मधल्या पडद्यातून झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून जातं. पुस्तकाच्या प्रतीही जाळल्या गेल्या. तीन उरल्या: पॅरिस, व्हिएन्ना आणि एडिंबरोत.