‘याची नोंद घ्यावी’ एवढ्याने भागत नाही

पालिकेची सभा चालू आहे. विषयपत्रिकेवर एका रस्त्याच्या कंत्राटाचा विषय येतो. एक सदस्य उभे राहतात आणि म्हणतात, “निविदा भरणाऱ्यांपैकी एक जण माझा भाचा आहे, याची नोंद घ्यावी.” नोंद घेतली जाते. सदस्य खाली बसतात, चर्चेत बोलतात, मतदानाला हातही वर करतात. सगळं उघड्यावर झालं, लपवाछपवी नाही, मग हरकत कशाला, असं सभागृहातल्या बहुतेकांना वाटतं.

हरकत घ्यायला हवी. ती का, हे नाण्यांनी भरलेल्या एका बरणीने दाखवून दिलं आहे.

डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांचा हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. बरणीत किती रकमेची नाणी आहेत, याचा अंदाज बांधायचा. अंदाज बांधणाऱ्याला बरणी लांबून आणि थोडाच वेळ दिसायची. त्याला सल्ला देणाऱ्याला मात्र ती जवळून नीट पाहता यायची. अंदाज बांधणाऱ्याचा फायदा अचूकतेत होता, तर काही सल्लागारांचा फायदा समोरच्याने आकडा चढा सांगण्यात. अशा सल्लागारांनी आकडा फुगवून सांगितला, यात नवल नाही. खरी गोष्ट पुढे आहे. ज्यांच्या बाबतीत ‘याचा फायदा चढ्या आकड्यात आहे’ हे आधीच जाहीर केलं होतं, त्यांनी आकडा आणखी फुगवला! ऐकणाऱ्यांनी थोडी वजावट केली, पण पुरेशी नाही. जाहीर करण्याचा नियम ज्यांच्या रक्षणासाठी होता, त्यांचंच नुकसान वाढलं.

संशोधकांच्या मते, एकदा सांगून टाकलं की मनावरचं ओझं उतरतं. समोरच्याला कल्पना दिली आहे, आता त्याने त्याचं पाहावं, अशी सल्लागार स्वतःची समजूत घालतो. ते सदस्य खाली बसतात तेव्हा त्यांच्या मनातही हेच घडत असण्याची शक्यता आहे. त्यांना लबाड ठरवायचं काही कारण नाही. भाच्याचं काम खरोखरच चांगलं असतं, असं ते अगदी मनापासून मानत असतील. आपलेपणाने झुकलेला निर्णय ज्याचा त्याला सरळच दिसतो.

भेटवस्तूंचंही तसंच. उल्रिके मालमेंडिअर आणि क्लाऊस श्मिट यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात निर्णय घेणारा माणूस तिसऱ्या कुणाच्या तरी वतीने निवड करत होता. देणाऱ्याचा हेतू उघड होता, भेट लहान होती, तरी निवड त्याच्याकडे झुकली आणि तोटा त्या तिसऱ्याचा झाला. पालिकेत हा तिसरा म्हणजे कर भरणारा नागरिक. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीने काय होतं’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि म्हणूनच संबंध असलेल्या सदस्याने नुसती नोंद करून थांबू नये, त्या विषयापुरतं सभागृहाबाहेर जावं.

पण नियम कितीही नेमका लिहिला, तरी तो मोडल्याचं कुणाच्या लक्षात येणार आहे का? इथे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे रस्ते पाहण्यासारखे आहेत. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ६०८ गावांमधल्या रस्त्यांच्या कामांचा अभ्यास केला. रस्ता तयार झाल्यावर अभियंत्यांनी तो जागोजागी खणून नमुने काढले. दगड, वाळू, खडी खरोखर किती पडली ते मोजलं, बाजारातले दर आणि मजुरी विचारली आणि हा हिशेब कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. त्यातली तफावत म्हणजे गळती. काही गावांना काम सुरू होण्याआधीच सांगितलं होतं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ते होण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असायची. नुसत्या या खात्रीने गळती सुमारे ८ टक्के-बिंदूंनी घटली. गावकऱ्यांना सभेला मोठ्या संख्येने बोलावण्याचा परिणाम सरासरीत फारसा दिसला नाही. मला लोकसहभागाचं मोल कमी करायचं नाही, पण रस्त्याच्या पोटात किती खडी आहे हे सभेत बसून कळत नाही.

याच अभ्यासातला एक निष्कर्ष मात्र अस्वस्थ करतो. ज्या गावांत तपासणीची खात्री होती, तिथे काम चालवणाऱ्यांच्या नातेवाइकांना त्या कामावर जास्त रोजगार मिळाला. पैशांची वाट बंद झाली तेव्हा लाभ नात्याच्या वाटेने गेला, कारण हजेरीपटावरचं नाव खणून तपासता येत नाही.

पकडलं जाण्याची खात्री, तशीच शिक्षेचीही लागते. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांनी १९९७ ते २००२ या काळात पार्किंगचे दीड लाखांहून अधिक दंड थकवले होते. राजनैतिक संरक्षणामुळे वसुली होत नव्हती. पावत्या फाडल्या जात होत्या, पण पुढे काहीच घडत नव्हतं. २००२ मध्ये शहराला अशा गाड्यांच्या खास नंबर प्लेट काढून घेण्याची मुभा मिळाली आणि नियमभंग जवळजवळ थांबला. माणसं तीच, रस्ते तेच.

इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांनी याची उलट बाजू पाहिली. सार्वजनिक पदावरच्या माणसाने कसं वागावं, याची सात तत्त्वं तिथे १९९५ मध्ये मांडली गेली. पुढे २०११ च्या कायद्याने, सदस्यांच्या आचारसंहितेवर देखरेख ठेवणारं केंद्रीय मंडळ बंद केलं आणि दोषी सदस्याला निलंबित करण्याचा अधिकारही काढून घेतला. क्षुल्लक आणि सूडबुद्धीच्या तक्रारी फार येतात, हे त्यामागचं एक कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. आर्थिक हितसंबंध दडवणं गुन्हा राहिला, पण सहकाऱ्याला धमकावणं, कर्मचाऱ्यांवर दबाव आणणं अशा वागण्याला उत्तर उरलं ते मुख्यतः जाहीर निषेधाचं किंवा समितीवरून दूर करण्याचं. २०१९ मध्ये सार्वजनिक पदांवरच्या वर्तनाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समितीने सहा महिन्यांपर्यंत निलंबनाची तरतूद परत आणावी, अशी शिफारस केली.

तिथे सदस्यांविरुद्धच्या तक्रारी हाताळणारा अधिकारी त्याच परिषदेच्या नोकरीत असतो. ज्याची चौकशी करायची, तोच उद्या त्याच्या नेमणुकीवर मत देणाऱ्यांत बसलेला असू शकतो.