हक्काची वाट, परवानगीची वाट : इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत चालताना

इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्याच्या कडेला गेलात की शेतांमध्ये शिरणाऱ्या पायवाटा दिसतात. लाकडी फाटक, कुंपण ओलांडायला दोन पायऱ्या, खांबावर बाणाची गोल चकती आणि पुढे गवतातून गेलेली मळलेली वाट. दिसायला सगळ्या सारख्याच, पण कायद्याने त्यांतल्या काही ‘पब्लिक फूटपाथ’ असतात आणि काही ‘पर्मिसिव्ह पाथ’. पहिलीवर चालणं हा तुमचा हक्क आहे. दुसरीवर तुम्ही जमीनमालकाच्या परवानगीने चालत असता. तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या आणि शनिवार-रविवारी बूट घालून बाहेर पडणाऱ्या मराठी माणसाने हा फरक नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तो कळला नाही तर एकतर हक्क असूनही आपण बिचकत परत फिरतो, नाहीतर हक्क नसताना तो गृहीत धरतो.

डर्बीशरमधल्या ईडेल गावाचंच उदाहरण घ्या. मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्गावर हे छोटंसं स्टेशन आहे. १९६५ साली खुली झालेली, २६८ मैलांची पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट इथूनच सुरू होऊन थेट स्कॉटलंडमध्ये पोचते. गाव सोडताच ती कुरणांमधून अप्पर बूथच्या दिशेने जाते. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात, जमीन खाजगी असते, तरी तिथून चालायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे शक्य होतं एका नकाशामुळे. १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण प्रवेशविषयक कायद्याने काउंटी कौन्सिलांना (म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थांना) आपापल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांची पाहणी करून ‘डेफिनिटिव्ह मॅप’ तयार करायला लावलं. या नकाशावर वाट दाखवलेली असेल तर तिथे सार्वजनिक हक्क आहे याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची लांबी मिळून सुमारे १,४०,००० मैल भरते. जमीन विकली गेली, वारसाकडे गेली, शेतकरी बदलला, तरी वाट तिथेच राहते. ती बंद करायची किंवा वळवायची तर रीतसर आदेश काढावा लागतो, जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांचे आक्षेप ऐकावे लागतात. लोक वापरत नाहीत एवढ्या कारणाने हा हक्क संपत नाही.

परवानगीच्या वाटेला यातलं काहीच लागू नाही. मालक शेतकरी असेल, मोठी इस्टेट असेल, पाणीपुरवठा कंपनी असेल किंवा नॅशनल ट्रस्टसारखी संस्था असेल. त्यांनी ‘इथून जा’ म्हटलं म्हणून ती वाट आहे. अटीही त्यांच्याच : कुत्रा नको, सायकल नको, मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत बंद. काही वाटा सरकारच्या शेती-पर्यावरण योजनांतून पैसे घेऊन ठरावीक वर्षांसाठी खुल्या केलेल्या असतात, आणि करार संपला की त्या बंद होऊ शकतात. तरी त्यांना कमी लेखू नये. दोन हक्काच्या वाटांमधलं वर्दळीच्या रस्त्यावरचं जीवघेणं चालणं अनेकदा अशीच एखादी वाट वाचवते, आणि ती देणाऱ्या मालकाचे आभारच मानायला हवेत.

मग परवानगी द्यायला तयार असलेला मालक ‘ही वाट सार्वजनिक हक्काची नाही’ अशी पाटी मुद्दाम का लावतो? १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार, लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न घेता वापरली, तर मालकाने ती लोकांना अर्पण केली असं कायदा मानतो. मालकाचा तसा इरादा नव्हता हे सिद्ध झालं तरच यातून सुटका. पाटी तेवढ्याचसाठी असते. परवानगी दिली की ‘परवानगीशिवाय’ ही अट मोडते आणि हक्क तयार होत नाही. काही मालक त्याच कारणाने वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावतात.

आपल्याकडची वहिवाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही २० वर्षांच्या अखंड वापराची अट आहे. फरक इतकाच की तो हक्क मुख्यतः एका जमिनीच्या मालकाचा शेजारच्या जमिनीवरून जाण्याचा असतो, तर इंग्लंडमधल्या पायवाटेवर सगळ्यांचा हक्क असतो, कालच पुण्याहून उतरलेल्या माणसाचाही.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते पीक तुडवणं. पायवाट शेताच्या मधोमध गेलेली असते, नांगरट होऊन गहू उगवलेला असतो आणि वाटेचा मागमूस नसतो. उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे आपल्या अंगी इतकं भिनलेलं असतं की आपण बांधाबांधाने वळसा घालतो. पण हक्क त्या मधल्या रेषेवर आहे, बांधावर नाही. मधली पायवाट नांगरायची मुभा शेतकऱ्याला आहे. मात्र पेरणीसाठी जमीन पहिल्यांदा उलथल्यापासून १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती पूर्ववत करून, किमान १ मीटर रुंदीची वाट ओळखता येईल अशी ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. शेताच्या कडेने जाणारी हक्काची पायवाट तर नांगरायचीच नसते. तेव्हा वाट आखलेली नसेल तर नकाशा पाहून, एकामागे एक, सरळ चालत जावं. तो उद्दामपणा नाही. माणसं त्या रेषेवरून चालत राहिली म्हणजे वाट जमिनीवरही दिसत राहते.

परवानगीच्या वाटेवर हा सगळा हिशेब उलटतो. तिथे पीक आडवं आलं तर मागे फिरायचं.

दोन्ही वाटा ओळखायला चकतीचा रंग थोडा उपयोगी पडतो. पिवळा बाण म्हणजे हक्काची पायवाट. निळा म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात. परवानगीच्या वाटेवर बऱ्याचदा पांढरा बाण असतो, पण त्यावर विसंबू नका, जवळची पाटी वाचा. खरा भरवसा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर नकाशाचा. त्यावर हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी (आखूड रेघा पायवाटेच्या, लांब रेघा ब्रायडलवेच्या) आणि परवानगीच्या वाटा नारिंगी तुटक रेषांनी दाखवतात. नुसती काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते एवढंच. तिथे जायचा हक्क आहे असा तिचा अर्थ नाही. फोनवरच्या साध्या नकाशांत हे भेद सहसा कळत नाहीत, म्हणून खेड्यात चालायला त्यांचा भरवसा धरू नये असं माझं मत आहे.

ईडेलच्या वरचं किंडर स्काउटचं पठार या दोन्हींत बसत नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण मालकांची बंदी मोडून तिथे चढले, आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. २००० सालच्या कायद्याने असे डोंगर, माळ आणि नोंदलेली गायरानं पायी फिरायला मोकळी केली. तिथे वाट सोडूनही हिंडता येतं. खालच्या कुरणांत मात्र नाही.

पाट्यांबद्दलही सांगायला हवं. ‘प्रायव्हेट’ असं लिहिलेलं असलं तरी त्याच रस्त्यावरून सार्वजनिक पायवाट जात असू शकते. ती पाटी अनेकदा गाड्यांसाठी असते. लोकांना परतवण्यासाठी हक्काच्या वाटेवर खोटी माहिती देणारी पाटी लावणं हा १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे. उलट, परवानगीच्या वाटेवर ‘आज बंद’ असा साधा कागद अडकवलेला असला तरी तो मानायचा. न मानता पुढे गेलात तर ती घुसखोरी होते. इंग्लंडमध्ये साधी घुसखोरी सहसा फौजदारी गुन्हा नसते, दिवाणी मामला असतो. तरी मालकाने निघून जायला सांगितलं तर निघून जावं.

म्हणून सहल आखताना मुख्य मार्ग, आणि विशेषतः शेवटच्या गाडीसाठी स्टेशनवर परतायचा रस्ता, हिरव्या रेषांवरच ठेवा. नारिंगी रेषा वापरायची असेल तर ती बंद निघाल्यास कुठून जायचं हे आधीच पाहून ठेवा.

आणि हक्काची वाट तारेने, झुडपाने किंवा कुलपाने अडवलेली दिसली, तर गुपचूप वळसा घालून विसरून जाऊ नका. वाट मोकळी ठेवून घेणं हे कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे, पण कुणी कळवलंच नाही तर त्यांना समजणार कसं? फोटो, तारीख आणि नकाशावरचा ग्रिड संदर्भ (नेमकी जागा सांगणारी अक्षरं-आकडे) त्या भागाच्या काउंटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर पायवाटांच्या तक्रारीत नोंदवा. ईडेलसाठी ती डर्बीशर काउंटी कौन्सिल.