टोपी कुणी चोरली, ते सांगू नका

अस्वलाची टोपी हरवली आहे. भेटेल त्या प्राण्याला ते विचारत सुटतं, माझी टोपी पाहिलीस का? कोल्ह्याने पाहिलेली नाही, बेडकानेही नाही. मग भेटतो ससा. त्याच्या डोक्यावर लालभडक, टोकदार टोपी. प्रश्न ऐकताच तो गडबडतो आणि कुणी न विचारताच आपण चोर नसल्याची ग्वाही देऊन टाकतो. अस्वल त्याचे आभार मानतं आणि पुढे चालू लागतं.

जॉन क्लासन यांचं ‘आय वॉन्ट माय हॅट बॅक’ हे २०११चं चित्रपुस्तक. मजकूर जेमतेम, आणि चोर कोण हे त्या पानावरच्या शब्दांत कुठेही नाही; ते फक्त चित्रात आहे. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) मध्येही हीच गंमत आहे. कोंबडी फेरफटका मारून घरी परतते, एवढंच शब्द सांगतात. तिच्या मागावर असलेला, वाटेत तळ्यात आणि गवताच्या गंजीत आपटणारा कोल्हा मजकुरात एकदाही येत नाही.

आता हे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले दोघे डोळ्यांसमोर आणा. मोठ्याची नजर अक्षरांवर. मुलाची? मेरी अॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन या कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये वाचून दाखवताना मुलांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवरच खिळलेली दिसली. चोर आधी कुणाला सापडणार, हे वेगळं सांगायला नको. घरात एरवी सगळं मोठ्यांनाच माहीत असतं. इथे पारडं फिरतं.

पण टोपी दिसणं वेगळं आणि ‘मला दिसली, अस्वलाला अजून कळलेलं नाही’ हे उमगणं वेगळं. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीनेक वर्षांची मुलं बेधडक दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे. मॅक्सीच्या डोक्यात वेगळंच असू शकतं, हे साधारण चार-पाचव्या वर्षी ध्यानात येऊ लागतं. २००१ मध्ये वेलमन आणि सहकाऱ्यांनी असे १७८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा देशोदेशी क्रम हाच निघाला. वय थोडं पुढेमागे, इतकंच.

म्हणून तीन वर्षांचं मूल टोपीवर बोट ठेवून ‘ही बघ!’ म्हणतं आणि पान उलटायला लागतं. पाच वर्षांचं मूल अस्वलाने आभार मानले की खिदळतं. त्याला गंमत टोपीची वाटत नाही, अस्वलाच्या अज्ञानाची वाटते.

लहान मुलांची आणखी एक लकब आहे. १९८८ मध्ये अॅलिसन गॉपनिक आणि जॅनेट अॅस्टिंग्टन यांनी मुलांना चॉकलेट-गोळ्यांचा डबा दाखवला. उघडला तर आत पेन्सिली. मग विचारलं, डबा बंद होता तेव्हा तुला आत काय वाटलं होतं? तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांनी उत्तर दिलं, पेन्सिली! यात लबाडी नाही, आपला आधीचा समज त्यांना खरोखरच परत गवसत नाही. तेव्हा शेवटच्या पानावर ‘मला माहीतच होतं’ ऐकू आलं तर वाद घालण्यात अर्थ नाही.

मोठ्यांचा हात शिवशिवतो तो इथेच. ‘बघ हं, अस्वलाला वाटतंय की सशाला माहीत नाही...’ असं उलगडून सांगावं का? जोन पेस्किन आणि अॅस्टिंग्टन यांनी टोरांटोत हे करून पाहिलं (२००४). चार वर्षांच्या मुलांच्या एका गटाला अनेक चित्रपुस्तकं ‘वाटलं’, ‘ठाऊक होतं’, ‘ओळखलं’ असे शब्द मुद्दाम घालून वाचून दाखवली. दुसऱ्या गटाला चित्रं तीच, पण मजकूर या शब्दांविना. पहिल्या गटाच्या बोलण्यात ते शब्द वाढले. मात्र एखाद्याचा गैरसमज का झाला, हे समजावण्यात प्रगती दिसली दुसऱ्या गटात. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण संशोधकांचा अंदाज मला पटतो: ज्यांना आयतं मिळालं नाही, त्यांना ते स्वतः जुळवावं लागलं. इसापनीतीच्या ‘तात्पर्या’वर वाढलेल्या आपल्याला एवढा संयम अवघड जातो. सशाचं पुढे काय झालं, हे तर क्लासनही सरळ सांगत नाहीत. ससा पाहिलास का, असं शेवटी कुणी विचारतं, तेव्हा अस्वल सशासारखीच घाईघाईने ग्वाही देतं, बस्स.

मुकाट वाचत राहावं असा याचा अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना, ‘हो-नाही’पलीकडचे प्रश्न विचारायला आणि मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत द्यायला शिकवलं. महिनाभरात ही मुलं बोलून व्यक्त होण्याच्या एका चाचणीत, नेहमीसारखंच वाचन ऐकणाऱ्या मुलांपेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढे गेली. तरी दर पानाला तोंडी परीक्षा घेतली तर रहस्य तिथेच मरतं. सशाच्या पानावर नुसतं थांबावं.

झडपा उघडायच्या, चित्रं उभी राहायची अशी पुस्तकं घेताना जरा पारखून घ्यावीत. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१०च्या प्रयोगांत लहान मुलं अशा करामतींच्या पुस्तकातून साध्या पुस्तकापेक्षा कमी शिकली. हात गुंतले की लक्ष तिथेच जातं. झडपेमागे गोष्टीचंच उत्तर दडलेलं असेल तर माझी तक्रार नाही.

चोर कळल्यावरही मूल तेच पुस्तक पुन्हा मागतं. मागू दे. ससेक्स विद्यापीठात २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांनी, नवे शब्द तितक्याच वेळा कानावर पडूनही, वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा पुन्हा पुन्हा ऐकलेल्या गोष्टींतून ते जास्त उचलले. शिवाय आता रहस्य मुलाच्या ताब्यात आहे. पेस्किन यांच्याच २००३च्या अभ्यासात तीन वर्षांच्या बहुतेकांना ना गुपित पाळता आलं, ना लपाछपी धड खेळता आली. चार-पाच वर्षांच्या बहुतेकांना दोन्ही जमलं. तेव्हा दुसऱ्या वाचनाला, पुस्तक न पाहिलेल्या आजीला शेजारी बसवावं. तीन वर्षांचं नातवंड पहिल्याच पानावर ‘सशाने घेतली!’ म्हणून मोकळं होईल. पाच वर्षांचं आजीलाच विचारेल, ‘कुणी घेतली असेल गं?’