बंदराच्या विस्ताराची जनसुनावणी: हरकत कोणी, कशी आणि किती दिवसांत नोंदवायची

बंदराचा धक्का वाढणार, नवं टर्मिनल येणार किंवा जलमार्ग खोल होणार असेल, तर काम सुरू होण्याआधी आजूबाजूच्या गावांना बोलण्याची एक कायदेशीर जागा आहे: १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतली जनसुनावणी. प्रमुख बंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१ नुसार प्राधिकरणाच्या मंडळावर सरकारी खाती, कर्मचारी आणि स्वतंत्र सदस्य असतात. शेजारच्या रहिवाशांसाठी राखीव जागा नाही. म्हणून ही सुनावणी वाया जाऊ देऊ नये. जवाहरलाल नेहरू, मुंबई, मुरगाव ही प्रमुख बंदरं असोत किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतली दिघी, जयगडसारखी बंदरं, सुनावणीची पद्धत तीच.

मालहाताळणीची क्षमता वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकल्प ‘अ’ वर्गात जातो आणि मंजुरी दिल्लीतलं पर्यावरण मंत्रालय देतं. त्याखालचे प्रकल्प ‘ब’ वर्गात, म्हणजे साधारणपणे राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे जातात. एक गोष्ट नीट समजून घ्या: सुनावणीत समोर बसलेले जिल्हाधिकारी प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करत नाहीत. ते फक्त सुनावणी चालवतात. निर्णय होतो सुनावणीचं इतिवृत्त आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा अंतिम अहवाल वाचून, आणि ते वाचणाऱ्या तज्ज्ञ समितीने तुमची खाडी बहुधा पाहिलेली नसते. तुमचा प्रत्येक मुद्दा त्या वाचकाला कळेल असा लिहायला हवा.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे की सुनावणी होणार आहे की नाही. विस्ताराच्या प्रकल्पांत तिच्यातून सूट मागितली जाते. मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव शोधा आणि ‘कार्यकक्षा’, म्हणजे पर्यावरण अभ्यासात काय काय तपासायचं ते, ठरवणारं पत्र उघडा. सुनावणी घ्यायची की वगळायची हे त्यातच लिहिलेलं असतं. सूट दिली म्हणून विषय संपत नाही. मुरगाव बंदराच्या जलमार्ग खोलीकरणाची मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये रद्द केली, ती जनसुनावणी वगळल्याच्या मुद्द्यावर. पुढच्या वर्षी वास्कोत सुनावण्या झाल्या आणि त्या अनेक दिवस चालल्या.

सुनावणीची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात येते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळावे लागतात. जाहिरातीचं कात्रण तारखेसकट जपून ठेवा. दिवस कमी भरत असतील तर पहिली हरकत तीच. या ३० दिवसांत मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात वाचायला ठेवलेला असायला हवा. प्रत्यक्षात कपाट बंद असतं, संबंधित माणूस रजेवर असतो. अशा वेळी हात हलवत परत येऊ नका. ‘अमुक तारखेला अमुक वाजता आलो, अहवाल उपलब्ध झाला नाही’ असा दोन ओळींचा अर्ज तिथेच आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

बोलण्याचा हक्क स्थानिक बाधितांना आहे. सातबारा लागत नाही, मतदार असण्याचीही अट नाही. बाहेरगावी राहणारा पण प्रकल्पाशी खरा संबंध असलेला माणूस लेखी म्हणणं पाठवू शकतो. तरी आपण बाधित कसे, हे कागदाने दाखवलं तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी तेच कामी येतं. राहणाऱ्यांसाठी आधार, वीजबिल किंवा घरपट्टीची पावती पुरते. मच्छीमारांनी नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व आणि डिझेल कोट्याच्या नोंदी जोडाव्यात. अडचण येते ती पागाने, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने, मासे मारणाऱ्यांची आणि ओहोटीला कालवं, शिंपल्या वेचणाऱ्या बायकांची. त्यांच्या नावावर कागदच नसतो, म्हणून अहवालात त्यांची गणतीही होत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, स्वयंघोषणापत्र, जागेचं स्थान दाखवणारे तारखेचे फोटो आणि कोणत्या महिन्यात कुठे काय मिळतं याचा हाताने काढलेला नकाशा, एवढं तरी तयार करा. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातल्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला होता. कुटुंबं मोजलेली असली की दावा आकड्यांत मांडता येतो.

अहवाल शेकडो पानांचा असतो. सगळा वाचायची गरज नाही. हवेचे नमुने कुठून घेतले ते पाहा: ट्रेलरच्या रांगा लागतात त्या रस्त्यालगत की वाऱ्याच्या उलट दिशेच्या टेकडीवर? सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम १० ची, २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. मोजमाप बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूचं असतं, तेव्हा पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं हे तुम्हीच सांगायला हवं. मग गाळाचा हिशेब: किती घनमीटर उपसणार, कुठे टाकणार, भरतीच्या ओढीने तो डोल जाळ्यांच्या (प्रवाहात एका जागी लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या) जागी येतो का. भराव घातल्यावर उधाणाचं पाणी कोणत्या वस्तीत शिरेल, होड्यांची वाट बंद होईल का, हेही शोधा.

हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सदस्य सचिवांना उद्देशून, सुनावणीआधी द्या. एका परिच्छेदात एकच मुद्दा, साधारण असा: ‘मसुदा अहवाल, पान क्रमांक इतका. गाळ टाकण्याची जागा अशी दाखवली आहे. तिथून इतक्या अंतरावर आमच्या गावाच्या डोलीच्या जागा आहेत, नकाशा सोबत. अहवालात त्यांचा उल्लेख नाही. मागणी: जागा बदलावी किंवा भरती-ओहोटीचा अभ्यास पुन्हा करावा.’ एकच मजकूर छापून शेकडो सह्या गोळा करण्याचा मोह होतो. हरकतींना उत्तर देणारे प्रकल्पाचे लोक त्या सगळ्यांना मिळून एकच ओळ देतात. वीस माणसांनी वीस वेगळे मुद्दे दिले तर वीस उत्तरं द्यावी लागतात.

सुनावणीच्या दिवशी हजेरीपत्रकात नाव लिहा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचे अधिकारी असावे लागतात आणि संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं. माइक मिळाल्यावर नाव, गाव आणि लेखी हरकतीचा मुद्दा क्रमांक सांगा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे, आणि त्यावर त्याच दिवशी सही होते. संध्याकाळ झाली म्हणून लोक निघून जातात आणि नेमका इथेच घात होतो: गळलेला मुद्दा कोणीतरी उठून सांगायला हवा. बहिष्कारही जपून टाका. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही. सभागृह रिकामं असलं तरी ती झाली असंच धरलं जातं.

मंडळाने ८ दिवसांत इतिवृत्त पुढे पाठवायचं असतं आणि ते पंचायतीत, जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचं असतं. त्यात चूक दिसली तर थेट मंत्रालयाला किंवा राज्य प्राधिकरणाला लिहा, आणि लगेच लिहा. वाढवण बंदराची सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली आणि पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारी २०२४ ला आली.

मंजुरी कळल्यापासून हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात; सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत. त्यानंतर दार बंद. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. भरपाईसाठीच्या अर्जाची मुदत ५ वर्षं.

काम सुरू झाल्यावरही बंदराला अटींच्या पालनाचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा: केंद्राच्या अखत्यारीतल्या बंदर प्राधिकरणाला ऑनलाइन अर्ज, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. अर्जात मंजुरीपत्रातल्या अटीचा क्रमांक लिहून त्याच अटीचे मोजमापाचे मूळ तक्ते मागा. नुसतं ‘प्रदूषणाची माहिती द्या’ म्हटलं तर सारांशाची दोन पानं हातात पडतात.